दुसऱ्या हाकेला ओ

मिस्त्री : मी हात लावलेला नाही मॅडम, आधीच सांगतो. नंतर माझ्या नावावर बिल फाडू नका.

मॅडम : मग विमानाचा सिम्युलेटर चालू कसा झाला? आत जायचा पूल वर उचललाय, कॉकपिटची पेटी हलतेय. आत कोण आहे?

मिस्त्री : कोणी नाही.

मॅडम : मिस्त्री, दहाला टेस्ट आहे. उमेदवार बाहेर येऊन बसलेत म्हणे. सकाळी सकाळी थट्टा नको.

मिस्त्री : थट्टा करायला माझी काय छाती आहे? हा कॅमेरा बघा. डावी सीट रिकामी, उजवी रिकामी, मागची रिकामी. आता कंट्रोलचा दांडा बघा. हलतोय की नाही? जरा डावीकडे, जरा उजवीकडे. कोणीतरी हलक्या हाताने धरल्यासारखा.

मॅडम : ऑटोपायलट लागलेला राहिला असेल.

मिस्त्री : अहो, ऑटोपायलटला वीज लागते ना? मेन स्विच मी पाडलाय. हा बघा, खाली. लाल बटणही दाबून झालं. बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला, तर म्हणतो, एकदा बंद करून चालू करा. मी म्हटलं, बाबा रे, बंदच आहे, तरी चालू आहे. त्यानं फोनच ठेवला.

मॅडम : कधीपासून चाललंय हे?

मिस्त्री : ते उंच कॅप्टन गेल्याची बातमी आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज सकाळी, ह्याच वेळेला. त्यांची टेस्ट ह्याच वेळेला होती. तुम्ही रजेवर होतात, कोणाची टेस्ट नव्हती, मी म्हटलं चालू दे, आपल्याला काय. पण आज लपवणार कसं?

मॅडम : योगायोग असेल.

मिस्त्री : डावी सीट मी रोज संध्याकाळी पुढे ओढून ठेवतो. सकाळी बघावं तर पार मागे. त्यांचे पाय लांब होते. हाही योगायोगच म्हणा.

मॅडम : हं.

मिस्त्री : हेडफोन लावा. लावा हो. आत्ता येईल. बाहेरच्या पडद्यावर धुकं आहे, विमान खाली येतंय, आणि आता... ऐकलंत?

मॅडम : "हजार फूट."

मिस्त्री : थांबा, अजून एकदा येईल.

मॅडम : "हजार फूट."

मिस्त्री : झालं. दोन हाका मारतो आणि गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. धुकं, उतरणं, दोन हाका. जेवायच्या सुट्टीपर्यंत हेच. जमिनीला काही टेकत नाही. मला तर आता घरी पण ऐकू यायला लागलंय. बायको म्हणते, झोपेत फूट मोजता.

मॅडम : आवाज त्यांचाच आहे.

मिस्त्री : आवाज कोणाचा ते मी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत. माझी आत्या म्हणायची, पोरा, हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसऱ्या हाकेलाही देऊ नये. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. माणूस नसेल तो दोनदाच मारतो.

मॅडम : आमच्याकडे उलटं असतं.

मिस्त्री : उलटं म्हणजे?

मॅडम : विमान खाली येताना एक जण चालवतो, दुसरा उंची सांगतो. हजार फूट म्हटलं की चालवणाऱ्याने "ऐकलं" म्हणायचं. नाही म्हटलं तर पुन्हा हाक मारायची. दुसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर धरून चालायचं, शेजारचा बेशुद्ध पडलाय. किंवा मेलाय. मग "कंट्रोल माझ्याकडे" असं मोठ्याने म्हणायचं आणि विमान आपण घ्यायचं. तिसरी हाक मारायची नसते.

मिस्त्री : मग हे घेत का नाहीत? दोन हाका तर रोज मारतात. घ्या म्हणावं कंट्रोल, उतरवा एकदाचं, आणि जा सुखाने.

मॅडम : त्यांना माहितीय, शेजारचं माणूस मेलेलं नाही.

मिस्त्री : शेजारी कोणीच नाही मॅडम.

मॅडम : त्यांच्या टेस्टच्या दिवशी मी होते. को-पायलट आला नव्हता, म्हणून उजव्या सीटवर मीच बसले, आठवतंय? विमान मी चालवत होते. मध्येच बेशुद्ध पडल्याचं सोंग घेतलं. टेस्टचा तो भागच असतो. मान खाली, डोळे मिटलेले. त्यांनी दोनदा हाक मारली, कंट्रोल घेतला, धुक्यातून असं उतरवलं की पेटीला कळलंसुद्धा नाही.

मिस्त्री : मला आठवतंय. मी इथून टाळ्या वाजवल्या होत्या.

मॅडम : उतरल्यावर मी डोळे उघडून म्हणायचं असतं, "सराव संपला." परीक्षकाने तसं म्हटल्याशिवाय सराव संपत नाही. जगात कुठेही जा, तसंच आहे. मी म्हटलं नाही. पट्टा काढला आणि उठून चालू पडले.

मिस्त्री : का हो?

मॅडम : त्यांच्याकडे बघवेना. काय लिहायचं ते आधीच ठरलेलं होतं.

मिस्त्री : ते तर आम्हाला सगळ्यांनाच माहितीय. पंचावन्नच्या वरचा एकही माणूस इथून पास होऊन गेलेला मी पाहिला नाही. मी म्हणतो ना, ही पेटी म्हातारखाऊ आहे. पण तुम्ही परीक्षक, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार? आता बाहेर बसलेत तेही... अरे देवा. मॅडम! पूल खाली आला.

मॅडम : तुम्ही आणलात?

मिस्त्री : माझे दोन्ही हात खिशात आहेत! चार दिवस मी बटणं दाबून दमलो, पूल ढिम्म हलला नाही. तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि आला. जाऊ नका. मी मेंटेनन्सचं कारण सांगतो, टेस्ट पुढे ढकलू.

मॅडम : हेडफोन काढू नका. मी तिथून बोलेन.

मिस्त्री : मॅडम, त्या दोन हाकांना ओ देऊ नका हां. आत्याची शप्पथ.

(पेटीचं दार लागतं. पूल वर जातो.)

कॅप्टन : पट्टा लाव, बारके.

मॅडम : सर...

कॅप्टन : पुढे बघ. धुक्यात उतरतोय, डावीकडे काय आहे बघण्यासारखं? म्हातारा कॅप्टन. तो काय पहिल्यांदा बघतेयस?

मॅडम : फार थंड आहे आत.

कॅप्टन : असेल. मला हल्ली कळत नाही. भूकही लागत नाही. वय झालं, दुसरं काय.

मॅडम : सर, तुम्हाला माहितीय ना? तुम्ही... त्या फुटपाथवर...

कॅप्टन : फुटपाथ ओला होता. नुकताच कोणीतरी धुतला होता. मागून गाडीचा आवाज आला, मी वळलो. आतला पोरगा मांडीवरच्या फोनकडे बघत होता. तरणाबांड. चष्मासुद्धा नव्हता त्याला. मेडिकलला उभा केला असता तर एका झटक्यात पास.

मॅडम : आमच्या कंपनीचे डायरेक्टर म्हणाले, ह्या वयात माणसाला चटकन बाजूला होता येत नाही. शोकसभेतच म्हणाले. आणि म्हणाले, बघा, नोकरीवर घेतलं असतं तर केवढ्याला पडलं असतं.

कॅप्टन : बाजूला कुठे होणार? मागे भिंत होती. भिंतीत शिरू?

मॅडम : तुमच्या बाहीला काय लागलंय?

कॅप्टन : पुढे बघ म्हटलं ना! डांबर असेल. वहिनी ओरडणार आता तुझी. पांढऱ्यावरचा डाग जात नाही.

मॅडम : वहिनींना भेटून आले मी.

कॅप्टन : कशी आहे ती?

मॅडम : म्हणाल्या, घर फार गप्प झालंय. तुम्ही त्यांना पण सवय लावली होती म्हणे. घरात कोणी काही म्हटलं की दुसऱ्याने "ऐकलं" म्हणायचंच.

कॅप्टन : अगं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात लावली. गॅस बंद केला, ऐकलं. कडी लावली, ऐकलं. भांडणातसुद्धा. तुमची आई अशी आणि तुमची आई तशी, की मी म्हणायचो, ऐकलं. आणखी भडकायची.

मॅडम : अजूनही म्हणतात. माझ्याशी बोलता बोलता थांबल्या, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ऐकलं." मी काहीच बोलले नव्हते.

कॅप्टन : दूध उतू चाललं होतं. मी सांगितलं.

मॅडम : ...खरंच चाललं होतं.

मिस्त्री : मॅडम? मॅडम, तुम्ही कोणाशी बोलताय? मला तुमचा एकटीचाच आवाज येतोय.

मॅडम : लाइन मोकळी ठेवा, मिस्त्री.

मिस्त्री : ठेवली. पण डावीकडचा पट्टा लागलाय. कॅमेऱ्यात दिसतंय मला. हवेवर लागलाय हो.

कॅप्टन : हजार फूट.

मिस्त्री : आला! हा मला पण आला. ओ देऊ नका.

मॅडम : ...

कॅप्टन : हजार फूट.

मॅडम : ...

कॅप्टन : पुन्हा गप्प. बरं. चला, परत वर.

मॅडम : तुम्ही कंट्रोल का घेत नाही, सर? दोनदा हाक मारलीत. मी बोलले नाही. घ्या ना.

कॅप्टन : त्या दिवशी घेतला होता. दुसरी हाक संपली आणि घेतला. श्वासभरही थांबलो नाही. विमान उतरवलं, ब्रेक लावले, तुझ्याकडे बघितलं. वाटलं, आता डोळे उघडशील, हसशील. तू उठून गेलीस. मी बसून राहिलो. शेवटी तो तुझा मिस्त्री आला आणि म्हणाला, साहेब, झालं, उठा आता.

मॅडम : मला तोंड दाखवायची लाज वाटली.

कॅप्टन : सराव संपला असं न म्हणता संपतो का? कोणी शिकवलं तुला?

मॅडम : तुम्हीच शिकवलं होतं.

कॅप्टन : मी असलं शिकवलं नव्हतं. आणि काय लिहिलंस माझ्याबद्दल? सांग ना. आता माझं काय वाकडं होणार आहे?

मॅडम : "को-पायलट बेशुद्ध पडल्यावर कंट्रोल घेण्यास विलंब."

कॅप्टन : विलंब? कुठला विलंब?

मॅडम : पहिल्या आणि दुसऱ्या हाकेच्या मधला.

कॅप्टन : अगं पण दुसरी हाक मारायची हा नियमच आहे!

मॅडम : माहितीय.

कॅप्टन : आणि पहिल्याच हाकेला घेतला असता तर?

मॅडम : "उतावीळपणा, नियमभंग" असं लिहिलं असतं.

कॅप्टन : वा. म्हणजे खड्डा आधी खणलेला, मी डावा पाय टाकतो की उजवा तेवढंच बघायचं होतं. म्हणून आता घेतच नाही मी कंट्रोल. थांबलोय. म्हटलं बघू तरी, किती थांबलं म्हणजे तुमच्या त्या विलंबाचं पोट भरतं.

मॅडम : डायरेक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. पंचावन्नच्या वरचे नकोत, पण कुठेही तसं दिसता कामा नये. कायदा पासष्टपर्यंत उडू देतो, उगाच कोर्टबाजी होईल. तुम्ही परीक्षक आहात, काहीतरी शोधा. शोधलं की सापडतं.

कॅप्टन : आणि तुला सापडलं.

मॅडम : म्हणाले, ह्यांना एकसष्टाव्या वर्षी शिकवून तयार करायचं आणि चार वर्षांत निरोप द्यायचा, परवडत नाही.

कॅप्टन : मला काय शिकवणार होते? पोरांच्या हाताखाली उजव्या सीटवर बसायला तयार होतो मी. त्यांची दप्तरं उचलली असती. आमची कंपनी बुडाल्यापासून वहिनी तुझी दर रविवारी माझे युनिफॉर्मचे शर्ट काढून इस्त्री करायची आणि परत कपाटात ठेवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, पिवळे पडतात नाहीतर. ही शेवटची जागा होती, बारके. इथे नाही म्हटल्यावर लायसन्स संपलं असतं आणि मी घरी पेपर वाचत बसलो असतो. मला फार राग आला होता. लोक मला नको म्हणाले म्हणून नाही. ते म्हणणारच. तू म्हणालीस म्हणून.

मॅडम : मी काय करणार होते?

कॅप्टन : तुला आठवतं, तू पहिल्यांदा आलीस तेव्हा कोणी तुझ्याबरोबर उडायला तयार नव्हतं? बाईच्या हातात विमान देऊन आम्ही काय देवाचं नाव घेत बसायचं का, असं म्हणायचे. उंची कमी, हात हलका, आवाज बारीक. बारकी हे नाव त्यांनीच ठेवलं. शोधतच होते ना तुझ्यातही?

मॅडम : तुम्ही म्हणालात, सीट पुढे ओढ, पाय पोचतील.

कॅप्टन : तेवढंच काम होतं. सीट पुढे ओढायची. त्यासाठी माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता काही जणांनी. मला काही फरक पडला नाही. तुझं लँडिंग बघायला मिळालं.

मॅडम : तुमचे फोन आले होते. मी घेतले नाहीत. स्क्रीनवर नाव बघत बसले, वाजायचा थांबेपर्यंत.

कॅप्टन : दोन केले.

मॅडम : हो. दोन.

कॅप्टन : मग नियम काय सांगतो? ओ नाही आली की आपण उठायचं. वहिनीला म्हटलं, लागत नाही वाटतं फोन, मीच जाऊन विचारून येतो. ती म्हणाली, ऐकलं. निघालो.

मॅडम : इकडे येत होतात तुम्ही?

कॅप्टन : मग काय फिरायला चाललो होतो? युनिफॉर्म घालून?

मॅडम : सर, मला माफ करा.

कॅप्टन : माफीचं नंतर बघू. बाहेर कोण बसलंय?

मॅडम : दुसऱ्या कंपनीतून आलेत. सत्तावन्न.

कॅप्टन : बिचाऱ्याच्या कानाला कलप लागलाय. काल रात्री घाईत लावलेला दिसतोय. सांग त्याला पुसायला, नाहीतर उगाच कोणीतरी हसेल.

मॅडम : तुम्हाला कसं दिसलं? मी पण अजून बघितलं नाही त्यांना.

कॅप्टन : पुढे बघ. त्याच्यात काय शोधलंस?

मॅडम : अजून काही नाही.

कॅप्टन : सापडेल. हुशार आहेस.

मॅडम : बारा वाजेपर्यंत उरका असं सांगितलंय मला. पास केलं तर मला काढतील, सर. लेकीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. घरी मी एकटीच कमावतेय.

कॅप्टन : काढतील. त्यात काही शंका नाही.

मॅडम : मग?

कॅप्टन : मग काय? मी इथे तुला नोकरी सांभाळून द्यायला बसलेलो नाही. मी ओ ऐकायला बसलोय. किती वर्षांची झालीस तू?

मॅडम : अठ्ठेचाळीस.

कॅप्टन : म्हणजे तुझ्यात शोधणारा आता कॉलेजात असेल. चांगला अभ्यास करत असेल.

मिस्त्री : मॅडम, डायरेक्टरांचा फोन आला होता. मी म्हटलं, आत आहेत. आणि काचेवर वाफ धरलीय आतून, डाव्या बाजूला. बघू नका हां तिकडे. तुम्ही एकट्याच आहात ना? हो म्हणा.

मॅडम : मिस्त्री, मी विमान चालवतेय. बोलू नका.

मिस्त्री : नाही बोलत. पण रडू नका ना.

कॅप्टन : चांगला माणूस आहे तो. त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या त्याने, मला आत ऐकू आल्या. चल, खाली येतोय. विमान तुझ्या हातात आहे, मी उंची सांगतोय. सगळं त्या दिवशीसारखं.

मॅडम : धुकं फार आहे.

कॅप्टन : हजार फूट.

मॅडम : ...

मिस्त्री : मॅडम, आत्या काय म्हणायची...

कॅप्टन : हजार फूट.

मॅडम : ऐकलं. हजार फूट, ऐकलं, सर.

मिस्त्री : दिलीत! अहो दिलीत की ओ!

कॅप्टन : हुश्श. कंट्रोल कोणाकडे आहे, बारके?

मॅडम : माझ्याकडे. कंट्रोल माझ्याकडे.

कॅप्टन : मग उतरव.

मॅडम : काही दिसत नाही पुढे.

कॅप्टन : दिसेल. धुकंच आहे ते, भिंत नाही. पाचशे.

मॅडम : ऐकलं.

कॅप्टन : हात हलका ठेव. हलकाच चांगला आहे तुझा. दोनशे. दिवे.

मॅडम : दिसले. दिवे दिसले. उतरतेय.

कॅप्टन : उतर. सावकाश. हां... हं. टेकलं. मला कळलंसुद्धा नाही.

मॅडम : टेकलं, सर. खरंच टेकलं.

कॅप्टन : आधी ब्रेक लाव, मग खूश हो. आता म्हण.

मॅडम : सराव संपला, सर. तुम्ही पास आहात. त्या दिवशीच होतात.

कॅप्टन : ऐकलं.

मॅडम : सर? आता... जाल ना तुम्ही? वहिनींना काही सांगू?

कॅप्टन : तिला मी सांगतो, मला काय हवं ते. आणि जातो कुठे लगेच? मागची सीट रिकामी आहे. बघणाऱ्याची. जरा बसतो तिथे. ह्या कलपवाल्याची टेस्ट बघू तरी कशी होते.

मॅडम : सर!

कॅप्टन : मागे वळू नकोस. पुढे बघ.

मिस्त्री : मॅडम, थांबली! पेटी थांबली, पूल खाली आला, पडदा काळा झाला. आता कुठे हिला कळलं, मेन स्विच पाडलाय ते. तुम्ही ठीक आहात ना? "ऐकलं" तेवढं मला दोन आवाजांत आलं. एकदा तुमच्या, एकदा... जाऊ दे. चालू करू का स्विच?

मॅडम : करा.

मिस्त्री : डायरेक्टरांचा पुन्हा फोन येऊन गेला. दोन झाले.

मॅडम : येऊ दे. माणूस असतील तर तिसऱ्यांदा करतील.

मिस्त्री : हसवू नका हो. आणि ते बाहेरचे साहेब, आत येऊ का म्हणून विचारून गेले. मी म्हटलं, थांबा जरा. मग परत आले विचारायला. चेहरा असा झालाय, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

मॅडम : त्यांना रुमाल द्या एक. म्हणावं, कानाला कलप लागलाय, पुसून घ्या.

मिस्त्री : अहो, तुम्ही त्यांना बघितलंच नाही. तुम्ही तर मागच्या दाराने आलात. थांबा, बघतो... च्यायला. लागलाय. डाव्या कानाला.

मॅडम : आणि त्यांच्याबद्दल काय लिहायचं ते आधीच ठरलंय, ते विसरा. जे दिसेल ते लिहीन मी.

मिस्त्री : लिहा. मी ह्या वेळेस बाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. पण मॅडम... कॅमेऱ्यात बघतोय मी. डावीकडचा पट्टा सुटलाय. मागच्या सीटचा लागलाय. सीट रिकामी आहे आणि पट्टा लागलाय. मी येऊन सोडवू का?

मॅडम : नको. असू दे तो. तुम्ही त्यांना आत पाठवा, मिस्त्री. दोनदा विचारून झालंय त्यांचं.